दोन बहिणींचं नाटक

५ जानेवारी, रविवार

होळी गावी श्रीपतकाकांकडे जाऊन आलो. विनिताचे हे काका गावातल्या नाट्यमंडळाचे सर्वेसर्वा. यंदाच्या प्रयोगाला दिग्दर्शक नाही, म्हणून त्यांना मी आठवलो. ‘‘जावई कॉलेजात शिकवतो, नाटकाची आवड आहे, मग बाहेरचा मानूस आनायचा कशाला,’’ म्हणाले. मी म्हटलं, विचार करून सांगतो. ‘‘करा की इचार. पन हो म्हना.’’

मंडळाच्या कपाटातून त्यांनी एक जुनी प्रत काढून दिली. कव्हर कधीच गळून पडलंय, नाटककाराचं नावही त्याच्यासोबत गेलं. गावात त्याला नुसतं ‘दोन बहिणींचं नाटक’ म्हणतात. काकांच्या वडिलांनीही त्यात काम केलं होतं.

घरी येऊन एका बैठकीत वाचलं. थोरली बहीण गोदावरी प्राध्यापक भास्कररावांच्या घरी दिली जाते. भास्करराव आवाज चढवत नाहीत, बायकोला विचारल्याशिवाय भिंतीत खिळा ठोकत नाहीत. धाकटी वेणू आईबापांचं न ऐकता गणू कंपाउंडरशी लग्न करते आणि दोघं पहिल्या अंकापासून भांडतात. मीठ, सासू, छत्री, कशावरूनही. तिसऱ्या अंकात अंथरुणाला खिळलेला बाप दोघींना विचारतो, सुखी कोण?

मला वाटतं, नाटककार थोरलीच्या बाजूचा आहे. भास्कररावांना त्याने फार जपून लिहिलंय. मी विनिताला कथा सांगितली. ती मेथी निवडत होती. सगळं ऐकून म्हणाली, ‘‘वेणूचं परत सांगा. छत्रीवरनं काय झालं म्हणालात?’’

१२ जानेवारी, रविवार

हो म्हटलं. आणि लगेच अडकलो.

गोदावरीचं काम करणारी कमळी लेकीच्या बाळंतपणासाठी डहाणूला चालली आहे. काका म्हणाले, विनिता आहे की. लग्नाआधी तिने मंडळात दोन कामं केली होती, गावाला अजून आठवतात. लग्नानंतर केली नाहीत. याबाबत माझं मन स्वच्छ आहे. तिने तेव्हा मला विचारलं होतं, करू का? मी म्हटलं होतं, तुझं तू ठरव, मी कोण सांगणारा. तिने नाही ठरवलं. मी तिला कधी अडवलेलं नाही.

पण मंडळाचा एक जुना रिवाज आहे. लग्न झालेली बाई रंगमंचावर बायको होणार असेल, तर समोर तिचा खराखुरा नवराच हवा. नाहीतर तिने आईचं काम करावं, बहिणीचं करावं, चेटकिणीचं करावं. मी काकांना म्हटलं, आज हे कोण पाळतं. ‘‘आपन पाळतो,’’ ते म्हणाले आणि विषय संपला. म्हणजे भास्करराव मला करावे लागणार. दिग्दर्शकाने स्वतः मुख्य काम करणं मला तत्त्वतः पटत नाही. विनिताला विचारलं, तुला चालेल ना? कुठलंही दडपण घेऊ नकोस, नको असेल तर मी काकांना तसं सांगतो.

‘‘तुम्हाला काय वाटतं?’’ तिने विचारलं.

‘‘माझ्या वाटण्याचा प्रश्नच नाही. तुझा निर्णय.’’

तिने प्रत हातात घेतली. मग म्हणाली, ‘‘करते.’’

याच रिवाजामुळे वेणू आणि गणूसाठीही एक जोडपंच मिळालं. शेजारच्या ख्रिस्ती गावातले डेरिक आणि रोवेना. डेरिक टेम्पोने भाजी मार्केटला पोचवतो, रोवेनाचं पार्लर आहे. दोघांनी त्यांच्या चर्चच्या फेस्ताला, म्हणजे वार्षिक सणाला, नाटकं केली आहेत.

१९ जानेवारी, रविवार

पहिली तालीम. समाजमंदिराच्या हॉलमध्ये.

डेरिक-रोवेनाला वाचायला बसवलं तर पहिल्या पानावरच भांडण. नाटकातलं नव्हे, त्यांचं स्वतःचं. डेरिक चष्मा विसरला होता.

‘‘गाडीत ठेव म्हटलं होतं ना तुला?’’

‘‘गाडीतच हाय.’’

‘‘मग जा, आण.’’

‘‘गाडी तुझा भाऊ घेऊन गेलाय.’’

‘‘बघा सर. असलं ध्यान. आणि हा म्हणतो मला गणूचं काम जमणार नाही. तुझ्यासाठीच लिवलंय मेल्या.’’

सगळे हसत होते. मग रोवेनाने आपला चष्मा काढून त्याच्या नाकावर ठेवला आणि स्वतः त्याच्या खांद्यावरून डोळे बारीक करून वाचत राहिली. मी त्यांना दोनदा थांबवून सांगितलं की खाजगी गोष्टी तालमीत नकोत. माझा सूर कडक झाला का? घरी येताना विनिताला विचारलं.

‘‘नाही,’’ ती म्हणाली. ‘‘तुमचा सूर कधी कडक होत नाही.’’

बरं वाटलं.

आमचा प्रवेश मात्र पहिल्याच वाचनात उभा राहिला. विनिताला पाठ करावं लागतच नाही असं वाटतं. भास्कररावांशी बोलताना ती प्रत्येक वाक्याआधी किंचित थांबते, जणू बोलावं की नाही हे तोलते आहे. हे नाटकाच्या प्रतीत नाही, तिचं स्वतःचं आहे. मी वहीत टिपून घेतलं: हा थांबा ठेवायचा.

२८ जानेवारी, मंगळवार

तिसऱ्या अंकाने झोप उडवली आहे.

वेणू आणि गणू बापासमोरच कडकडून भांडतात आणि हसत बाहेर जातात. बाप झोपी जातो. गोदावरी आणि भास्करराव एकटे. ती विचारते, ‘‘मी न सांगितलेली, माझी एक तरी गोष्ट आपल्याला ठाऊक आहे?’’ सबंध नाटक या वाक्यासाठी लिहिलेलं आहे. आणि पुढे नाटककाराने माती केली आहे. भास्करराव अर्धं पान बोलतात: तुला अंधाराची भीती वाटते, म्हणून तू माझ्याआधी कधी दिवा मालवत नाहीस, वगैरे. ती त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवते. पडदा.

मला हे खोटं वाटतं. नाटकातला नवरा घाऊक भावात भीती ओळखतो. खरं उत्तर लहान असेल, आणि त्याच बाईबद्दल असेल.

म्हणून ठरवलंय. तालमीत छापील उत्तरच म्हणायचं. प्रयोगात मात्र मी विनिताबद्दलची एक खरी गोष्ट सांगेन, तिने मला न सांगितलेली. तिला आधी कळू द्यायचं नाही, म्हणजे तिच्या चेहऱ्यावर जे उमटेल ते अस्सल असेल. हे तिच्यावर अन्याय करणारं आहे का, याचा बराच विचार केला. नाही. उलट ती एक भेट ठरेल.

२ फेब्रुवारी, रविवार

वाटलं होतं, गोष्टी ढिगाने सापडतील. बावीस वर्षं झाली लग्नाला. आज दिवसभर बसून आठवत होतो. जे जे आठवलं ते तिने सांगितलेलंच निघालं. कारल्याची भाजी आवडत नाही, सांगितलं आहे. वडील गेले तेव्हा आपण जवळ नव्हतो याची टोचणी आहे, तेही सांगितलं आहे, एकदाच. सांगितलेलं मी सगळं नीट लक्षात ठेवलं आहे, इतकं म्हणता येईल.

तेव्हा आता निरीक्षण करायचं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

निरीक्षणं. अलीकडे तिने मला बऱ्याच घरगुती गोष्टी शिकवल्या. वॉशिंग मशीनचं कुठलं बटण कधी, कुकरला पाणी किती. दूधवाल्याचा आणि गॅसवाल्याचा नंबर माझ्या फोनमध्ये घालून दिला. आयुषचे पुण्याहून येणारे फोन हल्ली ती उचलत नाही, मला म्हणते, तुम्ही बोला. बापलेकाचं बोलणं वाढावं हा हेतू असणार. तालमींमुळे तिच्यावर ताण आहे हे उघड आहे, आणि तो तिने वाटून घ्यायला सुरुवात केली हे मला आवडलं. मी तिला तसं सांगितलंही.

गॅलरीतली कढीलिंबाची कुंडी तिने होळी गावी काकांकडे नेली. म्हणाली, इथे ऊन लागत नाही. खरं आहे, समोर नवी इमारत झाल्यापासून लागत नाही.

हे सगळं ठीक. पण यातलं एकही रंगमंचावर सांगण्यासारखं नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

तालीम संपल्यावर रोवेनाने मला बाजूला घेतलं. ‘‘सर, राग मानू नका हां. विनिताताई बरी आहे ना?’’

‘‘का?’’

‘‘तुमचा तो शेवटचा सीन झाला की ती मागच्या पायरीवर जाऊन बसते. आज मी जवळ बसली तर माझा हात धरून ठेवला. बोलली काहीच नाही.’’

मी तिला समजावलं की काही कलावंतांना भूमिकेतून बाहेर यायला वेळ लागतो. रोवेनाला ते कितपत कळलं कोण जाणे. ‘‘भूमिका असेल तर असेल,’’ ती म्हणाली. ‘‘पण तुम्ही विचारा. माझा डेरिक बैल आहे, पण विचारतो. दहादा विचारून डोकं खातो.’’

घरी येताना स्कूटरवर विनिता मागे गप्प होती. विचारावं असं मनात आलं. पण कुणाच्या मौनात न बोलावता शिरणं मला नेहमीच असभ्य वाटत आलं आहे. सांगायचं असेल तेव्हा सांगेल.

आणि तेवढ्यात, आचोळ्याच्या नाक्यावर, मला ती गोष्ट आठवली.

पाच-सहा वर्षं झाली असतील. मी कॉलेजातून लवकर आलो होतो. कचरा ठेवायला दार उघडलं आणि कठड्यावरून सहज खाली पाहिलं. दुसऱ्या आणि आपल्या तिसऱ्या मजल्याच्या मध्ये जिना वळतो तिथल्या पायरीवर विनिता बसली होती. शाळेच्या ऑफिसातून येत होती. पिशवी मांडीवर, दोन्ही हात पिशवीवर. दमली होती असं नाही. नुसती बसली होती. मी आवाज न करता दार लावून घेतलं. थोड्या वेळाने तिने बेल वाजवली, मी दार उघडलं, ती हसली आणि म्हणाली, रिक्षा मिळेना.

नंतर कितीदा तरी पाहिलं आहे. अगदी गेल्या महिन्यातही. तिला ओशाळं वाटू नये म्हणून मी कधी जाणवू दिलं नाही. हे तिने मला सांगितलेलं नाही. आणि मला ठाऊक आहे.

सापडलं.

१६ फेब्रुवारी, रविवार

प्रयोग जवळ आला. काकांनी कमाल केली आहे. त्यांच्या घरातली विनिताच्या वडिलांची खोली ते गेल्यापासून बंद होती, तिला चुना काढून घेतला, पंखा बसवला, नवी गादी टाकली. मी म्हटलं, रंगभूषेसाठी एवढं कशाला, हॉलच्या मागची जागा पुरली असती. काका म्हणाले, ‘‘तिला लागंल म्हनून.’’ पुतणीचं मोठ्या कामात पुनरागमन म्हणून म्हातारा हळवा झाला आहे.

विनिताने शिवणयंत्रही तिकडेच हलवलं. वेशभूषेची कामं तिथे बसून करते. डेरिकचा टेम्पो येऊन घेऊन गेला. उचलताना डेरिक माझ्याशी नीट बोलला नाही. बहुतेक गेल्या तालमीत मी त्याला उच्चारांवरून टोकलं होतं ते मनाला लागलं असावं. त्याची माफी मागायला हवी.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

रंगीत तालीम उत्तम. विनिताने ‘‘मी न सांगितलेली’’ हे वाक्य असं म्हटलं की मी छापील उत्तर क्षणभर विसरलो. प्रॉम्प्टर म्हणून काका विंगेत बसतात, त्यांनी ते पुरवलं. त्यांना अख्खं नाटक पाठ आहे.

निघताना विनिता म्हणाली, ‘‘उद्या संपलं की मला तुमच्याशी बोलायचं आहे.’’

मी म्हटलं, अवश्य. कशाबद्दल हे विचारलं नाही. तिला तिच्या वेळेने बोलू द्यावं. शिवाय उद्या माझ्याकडेही तिच्यासाठी काहीतरी आहे.

२३ फेब्रुवारी, रविवार

जसं झालं तसं लिहायचं आहे.

काल हॉल भरला होता. बायका पुढे सतरंजीवर, पुरुष मागे खुर्च्यांवर, बरेच दारात उभे. पहिला अंक डेरिक-रोवेनाने खाल्ला. छत्रीच्या भांडणात रोवेनाने प्रतीत नसलेलं काहीतरी त्यांच्या बोलीत म्हटलं आणि डेरिकला खरंच हसू आवरेना. तो प्रेक्षकांकडे पाठ करून हसत राहिला. लोकांना तेच जास्त आवडलं.

तिसरा अंक. बाप झोपला. आम्ही दोघं.

तिने विचारलं, ‘‘मी न सांगितलेली, माझी एक तरी गोष्ट आपल्याला ठाऊक आहे?’’

मी ठरल्याप्रमाणे थांबलो. थांबा जरा लांबला असावा, कारण विंगेतून काकांचा आवाज आला, ‘‘तुला अंधाराची...’’

मी म्हणालो, ‘‘तू घरी येताना जिन्यात थांबतेस. वळणावरच्या पायरीवर बसतेस, पिशवी मांडीवर घेऊन. मग वर येतेस आणि मला सांगतेस, वाहन मिळालं नाही.’’

मला तिच्या चेहऱ्यावर जे उमटेल ते हवं होतं. ते मी पाहिलं. पण त्याला शब्द सापडत नाही. आनंद नव्हता.

‘‘अंधाराची भीती,’’ काका मोठ्याने म्हणाले. पहिल्या ओळीतल्या बायकांनाही ऐकू गेलं असेल.

विनिता म्हणाली, ‘‘कधीपासून ठाऊक आहे?’’

हे प्रतीत नव्हतं. मी खरं सांगितलं. ‘‘पाच-सहा वर्षं.’’

‘‘तुम्ही बघत होता.’’

‘‘हो.’’

‘‘वरून.’’

‘‘तुला अवघड वाटू नये म्हणून...’’

‘‘मला दर वेळी वाटायचं, आता तुम्ही दार उघडाल,’’ ती म्हणाली. आपण नव्हे, तुम्ही. गोदावरी नवऱ्याला आपण म्हणते. ‘‘मला वाटायचं, ह्यांना माहीतच नाही, म्हणून उघडत नाही. त्यावर मी इतकी वर्षं काढली.’’

 कुणीतरी पोराला गप्प केलं. काकांनी पुढचं वाक्य दिलं नाही. विंगेकडे पाहिलं तर ते प्रत मिटून पडद्याच्या दोरीपाशी उभे होते.

तिने खांद्यावर डोकं ठेवलं नाही. बापाच्या उशाशी ठेवलेला पाण्याचा तांब्या उचलला, नीट झाकला, परत ठेवला आणि आत गेली. मी एकटा उभा. मग काकांनी पडदा पाडला.

टाळ्या थांबेनात. मागच्या खुर्च्यांवरून कुणी शिट्टी मारली. एक म्हातारे गृहस्थ मला भेटायला आले, म्हणाले, तीन वेळा बघितलंय हे नाटक, असा शेवट कधी झाला नव्हता. नवीन लिवलात काय?

काकांकडच्या त्या खोलीत गेलो तेव्हा विनिता केसांतल्या पिना काढत होती. रोवेना तिच्याजवळ होती. मला बघून उठली नाही. विनितानेच तिला म्हटलं, जा गं, डेरिक वाट बघत असेल. मग माझ्याकडे वळली.

‘‘मी इथेच राहणार आहे.’’

‘‘आजची रात्र ना?’’

‘‘नाही.’’

मी म्हटलं, ‘‘तुझं सामान...’’

‘‘इथेच आहे.’’

मी खोलीत पाहिलं. शिवणयंत्र खिडकीपाशी होतं. खिडकीच्या कट्ट्यावर कढीलिंब. त्याला नवी पालवी होती.

‘‘हेच बोलायचं होतं,’’ ती म्हणाली. ‘‘समजावून सांगायचं, असं ठरवलं होतं. म्हटलं होतं, ह्यांचा दोष नाही, ह्यांच्या लक्षात येत नाही, आपणच कधी बोललो नाही. पुष्कळ काय काय पाठ केलं होतं. आता त्यातलं काही लागत नाही.’’

मी तिला सांगितलं की तिच्या निर्णयाचा मी आदर करतो.

त्यावर ती हसली. मनापासून, रोवेना हसते तशी. मग हसता हसता तिने तोंड पदरात लपवलं आणि हातानेच मला जा म्हणून खूण केली. मी गेलो. थांबावं असं तिला वाटत असेल का, असा विचार फाटकाशी आल्यावर मनात आला. पण खूण स्पष्ट होती.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

कुकरला पाणी बरोबर घातलं होतं. भात चांगला झाला.

स्वतःला वारंवार विचारतो आहे की माझं नेमकं काय चुकलं. मी खोटं बोललो नाही. मी तिला कधी दुखावणारं बोललो नाही. जे पाहिलं ते तिच्या मानासाठी पोटात ठेवलं. आणि जिथे सांगितलं तिथे खरं सांगितलं. यातली कुठली कृती मी वेगळी करायला हवी होती, ती एकेक करून तपासली, आणि प्रत्येक आपापल्या जागी योग्य ठरते.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

कॉलेजातून येताना भाजी घेतली. जिना चढताना वळणावर थांबलो. नुसतं पाहावं म्हणून तिच्या पायरीवर बसलो, पिशवी मांडीवर घेऊन. तिथून आमचं दार दिसतं. बसलेल्या माणसाला वर कठडाही दिसतो, आणि कठड्याशी कुणी उभं असेल तर त्याचे पायही.

हे मला माहीत नव्हतं. मी नेहमी वरूनच पाहिलं होतं. म्हणजे तिने माझे पाय पाहिले असतील का, एखाद्या वेळी तरी, आणि ते माझे नव्हेत असं स्वतःला पटवलं असेल का?

एवढ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या पिंकीने दार उघडलं. सुनेच्या वयाची मुलगी, आमचं बोलणं कधी नमस्काराच्या पुढे गेलेलं नाही.

‘‘काय झालं काका? बरं नाही का वाटत?’’

‘‘काही नाही. जरा दमलो.’’

‘‘काकूपण असंच बोलायच्या,’’ ती म्हणाली आणि आत जाऊन पाण्याचा ग्लास घेऊन आली. ‘‘घ्या. त्यांना मी आतच बोलवायचे, पण त्या यायच्या नाहीत. म्हणायच्या, नको, ते दार उघडतील एवढ्यात.’’

मी पाणी प्यायलो. तिने ग्लास घेतला आणि विचारलं, ‘‘काकू कधी येणार?’’

मी सांगितलं, माहेरी गेली आहे.

आता टेबलाशी बसून हे लिहितो आहे. विनिताला फोन करून पायांबद्दल विचारावं असं सारखं वाटतं. पण तिने स्वतः विषय काढलेला नसताना विचारणं योग्य होईल का, हे ठरत नाही. दोन्ही बाजूंनी विचार केला. तूर्त न विचारणंच बरं.